सदरा घातलेलं घर

पुलगावला मी खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या सदऱ्याचं टोक दोन बोटांत धरलं. चुरगाळलं, सोडलं, परत धरलं आणि उजेडाकडे केलं. सदऱ्याच्या आत मी आहे याचं त्यांना काही वाटत नव्हतं. मग म्हणाले, "सूत बरं हाय. पण विणणारा झोपला होता." आणि त्यानंतर, "या, बसा."

ते तिथल्या कापडगिरणीत विणकामाच्या खात्यात जॉबर होते. माग चालतात की नाही, धागा कुठे तुटला, कोणता कामगार तंबाखू मळत उभा आहे, यावर नजर ठेवणं हे त्यांचं काम. सगळी आळी त्यांना 'मास्तर' म्हणायची. खरा मास्तर मी होतो, साताऱ्याकडून हायस्कुलात संस्कृत शिकवायला आलेला. पण ती जागा आधीच भरलेली असल्यामुळे मला सगळे 'गुरुजी' म्हणू लागले. महिन्याभरात मलाही त्याची सवय झाली.

मास्तरांना उघडी वस्तू बघवत नसे. गिरणीतले कापलेले तुकडे कामगारांना स्वस्तात मिळायचे. मास्तर ते आणत आणि घरातल्या एकेका वस्तूला कपडे शिवत. पाण्याच्या माठाला बंडी होती. कंदिलाला दिवसा घालायचा झगा होता. सायकलच्या सीटला टोपी, जात्याच्या खुंट्याला टोपी, छत्रीला खोळ आणि त्या खोळीला पावसात भिजू नये म्हणून आणखी एक खोळ. भिंतीवरच्या घड्याळाच्या खोळीला काटे दिसावेत म्हणून गोल भोक पाडलेलं होतं, पण ते जरा खाली सरकल्यामुळे सकाळी अकरा ते दुपारी एक आमच्या घरात किती वाजले ते कुणालाच कळत नसे. परसात एक केळ होती. एकदा मी खवचटपणे विचारलं, "मास्तर, केळ्यांना कपडे नाही शिवलेत?" तर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "त्याईले देवानं शिवून देले."

"ज्याच्या अंगावर कापड, त्याले जगात मान," हे त्यांचं आवडतं वाक्य. मला सर्दी झाली तरी ते हेच म्हणत आणि गिरणीचा माल खपला नाही तरी हेच.

घर साधंच, मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, म्हणजे आमच्याकडची कौलं. रस्त्याच्या बाजूला एक लांबलचक भिंत होती. तिच्या एका टोकाला माझी खोली, दुसऱ्या टोकाला चूल. ही भिंत काकूंची होती. काकू म्हणजे मास्तरांची बायको. दरवर्षी दिवाळीच्या आधी तिकडे भिंती पोततात, म्हणजे शेणमातीचा हात देऊन वर पांढऱ्या मातीचा लेप चढवतात, आणि हे काम बायकांचं. काकूंचा हात त्यात असा होता की आळीतल्या सुना काम टाकून बघायला यायच्या. हाताचे पंजे फिरून फिरून भिंतीवर ज्या अर्धगोल लाटा उठायच्या, त्या एकीत एक मिसळलेल्या, कुठे सांधा नाही. मी पहिल्या वर्षी ती भिंत पाहिली आणि माझ्यासारख्या कोरड्या माणसालाही तिच्यावर हात फिरवावासा वाटला. काकूंनी लगेच आतून ओरडून सांगितलं, "वल्ली हाय गुरुजी, हात नका लावू!"

भाऊबीजेला मास्तरांची थोरली बहीण रोहण्याहून यायची. बैलगाडीतून उतरली की आधी भिंतीसमोर उभी राहायची, डोळे बारीक करून इकडून तिकडे बघायची आणि मगच घरात पाय टाकायची. ती कशालाच चांगलं म्हणत नसे. भिंतीबद्दल मात्र ती काहीच बोलायची नाही, आणि काकूंना तेवढंच पुरायचं.

पुढे काकूंच्या हातांची बोटं सुजायला लागली. मनगटं धरायची. सकाळी मूठ वळेना. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे सांध्यांचं दुखणं आहे, माती तुडवणं, लिंपणं, पिळणं सगळं बंद. धुण्याभांड्याला बाई ठेवली, त्याला काकू कुरकुरत तयार झाल्या. पण भिंतीचा विषय निघाला की त्या उठून आत जायच्या. त्या वर्षीची दिवाळी त्यांनी रडत रडत पोतली. मी माझ्या खोलीत वह्या तपासत होतो आणि बाहेरून भिंतीवर हात फिरल्याचा आवाज आणि मधूनच दाबलेला हुंदका ऐकू येत होता. मास्तर अंगणात येरझारा घालत होते. भांडी, कंदील, सायकल सगळ्यांना कपडे घालणाऱ्या त्या माणसाला त्या हातांसाठी काय करावं ते सुचत नव्हतं. मला त्यांची फार कीव आली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात, चार माणसांत, त्यांनी जाहीर केलं, "पुढच्या दिवाळीले तिच्या हाताले माती लागली तं मले मास्तर म्हणू नका."

मग मास्तर उपाय शोधत हिंडू लागले, आणि उन्हाळ्यात त्यांना तो एका कबाडीवाल्याकडे सापडला. पुलगावला दारूगोळ्याचा मोठा डेपो. तिथल्या रिकाम्या खोक्यांचा लिलाव व्हायचा आणि ती खोकी फिरत फिरत कबाडीवाल्याकडे यायची. मास्तर मला ओढतच घेऊन गेले. आवारात प्लायवूडच्या मोठमोठ्या फळ्या एकीवर एक रचलेल्या होत्या. मास्तरांनी एका फळीचा कोपरा नखानं उचकटला आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं आत सोनं निघालं.

"पाह्यलं का गुरुजी? एक पदर उभा, एक आडवा. पुन्हा उभा, पुन्हा आडवा. ताना-बाना! हे लाकूड नोहे. हे कापड हाय. फक्त जाड हाय."

कबाडीवाला प्रामाणिक होता. तो म्हणाला, "मास्तर, हे आतल्या कामाले ठीक हाय. सरसानं चिपकवलेलं हाय, बाहेर पाण्यात नका ठेवू."

"काऊन? कापड पाण्यानं खराब होते का कधी? पाण्यानं तं धुऊन निघते."

कबाडीवाल्यानं फळ्या मोजायला घेतल्या, आणि मला तर प्लायवूड हा शब्दच नवा होता. बैलगाडीभर फळ्या घरी आल्या.

काकूंनी त्या पाहिल्या. "हे कायले?"

"भिंतीले सदरा शिवतो. मंग पोतायचं कामच नाई. ना माती, ना शेण."

"भिंतीले कोणी सदरा घालते का?"

"सारं बदलून राह्यलं वं. आपला सारा जिल्हा मध्यप्रदेशातून उचलला अन् मुंबई राज्यात नेऊन ठेवला. तुले विचारलं कोणी? मंग मी एक भिंत बदलली तं काय झालं?"

सुतार आला. म्हातारा होता, दर दोन वाक्यांनंतर खोकायचा. त्याचं आणि मास्तरांचं पहिल्याच ओळीला वाजलं. सुतार म्हणाला, वरची फळी खालच्या फळीवर आली पाहिजे, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर पडतं, कवेलूंसारखं.

"कवेलू म्हंजे टोपी," मास्तर म्हणाले. "टोपीची गोष्ट वेगळी. भिंत म्हंजे अंग. तू सदरा धोतरावर सोडून फिरते का गवळ्यावानी? सदरा आत खोचतेत. वरची फळी खालच्या फळीच्या आत गेली पाह्यजे."

"मास्तर, पाणी आत जाईन."

"सभ्य माणूस कसा राह्यते थे मी पाहून राह्यलो, अन् तू पाणी पाहून राह्यला."

सुतार खोकला आणि त्याने वरची फळी खालच्या फळीच्या आत खोचली. मजुरी त्यांची, भिंत त्यांची.

मग भिंतीबाहेर रोवलेल्या खांबांवर खिळे मारताना दुसरा वाद. फळ्यांच्या एका बाजूला काळ्या रंगात इंग्रजी अक्षरं छापलेली होती. सुतार ती बाजू आत घालायला लागला. मास्तरांनी त्याच्या हातून फळी हिसकावून घेतली. गिरणीत कापडाच्या थानावर, म्हणजे ताग्यावर, शिक्का मारतात तो सुलट्या बाजूला. शिक्का म्हणजे मालाची इज्जत. शिक्का आत घालणं म्हणजे कापड उलटं घालणं, आणि उलटं कापड घालून मास्तर जन्मात कुठे गेले नव्हते. सगळी अक्षरं रस्त्याकडे आली. त्यांतली काही उलटी लागली, पण मास्तरांना इंग्रजी येत नसल्यामुळे त्यांचं मन शांत होतं. मला येत होतं. चुलीच्या बाहेरच्या बाजूला लिहिलेलं होतं, 'स्फोटक माल. आगीपासून दूर ठेवा.' मोरीपाशी, 'ओल लागू देऊ नका.' माझ्या खोलीवर, 'हाताळताना जपा', हे मात्र मला आवडलं.

माझी खिडकी या सदऱ्याखाली गेली. मी तक्रार केली. मास्तरांनी विचार करून तिथे वीतभर गोल भोक पाडून दिलं. "काज ठेवलं गुरुजी तुमच्यासाठी." त्या काजातून पुढचे तीन-चार महिने मी जगाकडे बघितलं.

काम संपल्यावर काकू रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "घर हाय का पेटी? आतमधी आपण काय, बॉम्ब आहो का?"

हा प्रश्न लवकरच आणखी एकालाही पडला. डेपोतला एक पंजाबी हवालदार सायकलवरून चालला होता. संध्याकाळची वेळ, काकूंनी चूल पेटवलेली, कवेलूंतून धूर निघतोय आणि त्याच्या बरोबर खाली ती काळी अक्षरं. हवालदारानं सायकल तशीच सोडून दिली. "आग बुझाओ! सब बाहर निकलो! ये घर किसका है?" आळीतली माणसं पोराबाळांसकट धावली. समोरची म्हातारी देवघरातला बाळकृष्ण काखोटीला मारून निघाली. मास्तर शांतपणे ओसरीवर आले, हवालदाराच्या खाकी बाहीला दोन बोटांनी धरलं, चुरगाळलं आणि म्हणाले, "सूत चांगला है. हमारे गिरणी का नहीं है." मी पुढे होऊन हवालदाराला सगळं समजावलं. सदऱ्याची कल्पना मी नीट सांगू शकलो नाही, पण आत बॉम्ब नाहीत एवढं त्याला पटलं. जाताना तो म्हणाला, "पागल है, लेकिन दिल का साफ़ है." त्यानं ते इतक्या लवकर कसं ओळखलं कुणास ठाऊक.

पावसाळा लागला आणि मास्तरांच्या सिद्धांताप्रमाणे सदरा धुऊन निघायला लागला. पाणी वरच्या फळीवरून आलं, सभ्यपणे खालच्या फळीत शिरलं आणि आतच राहिलं. फळ्या फुगल्या. कडांना पापुद्रे सुटले. गल्लीतल्या बकऱ्यांना त्यातल्या सरसाची चव लागली. त्या रांगेने उभ्या राहून भिंत चाटू लागल्या. काकू दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, "मले पोतू देल्ली नाई, अन् बकऱ्याईले देल्ली." मास्तर फुगलेल्या फळीवर हात थापटून सांगायचे की नवं कापड पहिल्या धुण्यात असंच करतं, मग बसतं.

भाद्रपदात एक दिवस मी शाळेतून आलो. बाहेरून सगळं ठीक होतं. कुलूप काढलं, दार ढकललं तर ते अर्धंच उघडलं. आत माझ्या खाटेवर, ट्रंकेवर, शब्दरूपावलीवर, सगळ्यावर भिंत पडलेली होती. सदऱ्याच्या आत पाणी पिऊन पिऊन मातीची भिंत चिखल झाली आणि माझ्या बाजूला बसली होती. मी खाटेवर असतो तर हे लिहायला कोणी नसतं. मी ओरडलो. मास्तर धावत आले. त्यांनी ढिगाऱ्याकडे पाहिलं, मग पलीकडे ताठ उभ्या असलेल्या प्लायवूडकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून आनंदाने निघून गेलं, "पाहा गुरुजी! भिंत पडली, पण सदरा उभा हाय!"

मी संतापलो होतो. साताऱ्याच्या भाषेत चार शब्द तोंडात आलेही होते. पण तेवढ्यात काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या खाली बसल्या, ढिगाऱ्यातलं एक ढेकूळ उचललं. त्याच्या एका अंगाला पांढऱ्या मातीचे थर दिसत होते, वर्षावर्षाचे, एकावर एक. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी दिलेले. त्यांनी ते ढेकूळ सुजलेल्या हातात धरलं आणि अंगठ्यानं त्यावरचा चिखल पुसू लागल्या. मास्तरांचं तोंड उघडं होतं ते तसंच मिटलं.

त्यानंतर बरेच दिवस मास्तरांनी कुणाच्याही सदऱ्याला हात लावला नाही. गिरणीतून यायचे, जेवायचे, ओसरीवर बसायचे. मी त्यांच्याशी मुद्दाम नवीन धोतर नेसून बोलायला गेलो, तरी त्यांनी बघितलं नाही. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

फळ्या निघाल्या. गवंड्यांनी नवी भिंत उभी केली, ऑक्टोबरच्या उन्हात ती वाळली. दिवाळी तोंडावर आली. भिंत कोरी, तपकिरी, आणि प्रश्न तोच. शेजारणी म्हणाल्या, आम्ही पोतून देतो. काकू म्हणाल्या, "माह्या भिंतीले दुसऱ्या बाईचा हात नाई लागाचा." मास्तर म्हणाले, तुझा लागायचा नाही. काकू म्हणाल्या, मग उघडी राहू द्या. उघडी हा शब्द मास्तरांना सोसला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीतून आले ते धोतराचा काचा मारून थेट अंगणातल्या मातीत उतरले.

"हे काय करून राह्यले तुमी?" काकू किंचाळल्या. "बाप्या माणसानं भिंत पोतली म्हंजे लोकं काय म्हणतीन?"

"लोकं म्हणतेतच. तू सांगजो कसं कराचं थे."

काकूंना आधी अंगणात पाट ठेवून बसायलाच लाज वाटत होती. त्या दाराआडून सांगू लागल्या. पण मास्तरांचा पहिला हात भिंतीवर पडला तो पाहून त्यांना राहवलं नाही. त्या बाहेर आल्या, पाटावर बसल्या, दुखरे हात मांडीवर ठेवले आणि हुकूम सोडू लागल्या. गिरणीत शंभर मागांवर ओरडणारा माणूस आळीच्या देखत बायकोचं ऐकत होता. त्यांचे हात सुताच्या धाग्यासारखे सरळ वरून खाली, सरळ डावीकडून उजवीकडे जायचे. भिंतीवर खादीचं थान अंथरल्यासारखं दिसू लागलं.

"गोल फिरवा! खांद्यातून!"

"गोल विणकाम नसते वं."

"हे विणकाम नोहे! माती हाय! तिले जिकडं जायचं थ्या बाजूनं जाऊ द्या!"

रस्त्यावर जत्रा भरली. गिरणीतले कामगार सायकली लावून बघत उभे. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, बांगड्या भरून देऊ का?" मास्तरांचे कान लाल झाले, पण हात थांबला नाही. दोन दिवस हे चाललं. शेवटी भिंत पांढरी झाली. मी खोटं बोलणार नाही, ती वाईट दिसत होती. कुठे ढोपराएवढा उंचवटा, कुठे बोटांचे ओरखडे, आणि दाराजवळ मास्तर घसरले तिथे अख्खा कोपराचा ठसा. काकू तिच्याकडे पाठ करून वावरत होत्या. मला कळत होतं, आता त्यांना एकच धास्ती होती, रोहण्याच्या नणंदेची.

भाऊबीजेला बैलगाडी आली. बाई उतरल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या, डोळे बारीक केले. नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. मी ओसरीवर करंजी खात होतो, ती हातातच राहिली. आळीतल्या दोन-चार बायकाही आपापल्या दारात आल्या होत्या.

"वयनी," बाई म्हणाल्या, "हे काय करून ठेवलं वं?"

काकू उंबऱ्यात होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि खाली बघत म्हणाल्या, "हात चालत नाई बाई आता. मीच पोतली. बिघडली."

अख्ख्या आळीला खरं काय ते ठाऊक होतं. दारातल्या बायका पायाखालच्या रांगोळीकडे बघू लागल्या. सासरी येऊन कमावलेलं एकुलतं एक नाव काकूंनी नवऱ्याचं हसं होऊ नये म्हणून नणंदेपुढे टाकून दिलं होतं. मास्तर आतून ओवाळून घ्यायला कोट घालून येत होते. त्यांनी ते ऐकलं. मला वाटलं, सुटले, आता गप्प बसतील.

"खोटं बोलते थे," मास्तर म्हणाले. "हे माहं काम हाय. तिच्या हातची भिंत अशी राह्यते का कधी? तुले माहीत हाय. एवढे साल पाह्यली तू." आणि त्यांनी कोटाच्या बाह्यांतून दोन्ही हात बहिणीपुढे धरले. बोटांच्या भेगांत पांढरी माती अजून होती.

बाईंनी ते हात पाहिले, मग भिंत पाहिली. "बाप्यानं? भिंत पोतली?" आणि त्या काकूंकडे वळल्या, आता ही काय म्हणते म्हणून.

काकू उंबरा ओलांडून बाहेर आल्या. भिंतीपाशी गेल्या, कोपराच्या ठशावरून सुजलेल्या हाताची पालथी बाजू सावकाश फिरवली.

"हात बसाले टाइम लागते बाई," काकू म्हणाल्या. "मले बी लागला होता. पुढच्या साली याहून बरी येईन त्याईची."